दिवसातून एकच भरती

अ‍ॅन्सेल काका माझ्या बाबांपेक्षा चार वर्षांनी धाकटा. पण चार्ल्सटनच्या धक्क्यावर दोघांना एकच नाव होतं, बर्डेल. ‘बर्डेलला बोलवा’ अशी हाक आली की जो जवळ असेल तो उठायचा. दोघंही बंदराचे वाटाडे. आमच्या बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली दडलेला वाळूचा लांबलचक दांडा आहे आणि त्यातून आत शिरायच्या वाटा अरुंद. बाहेरून आलेलं जहाज दांड्यापलीकडे थांबतं, झेंडा चढवतं, मग वाटाड्याची होडी जाते. वाटाड्या दोरीच्या शिडीने वर चढला की धक्क्याला लागेपर्यंत त्याचा शब्द चालतो, कप्तानाचा नाही. आजोबांनीही जन्मभर हेच केलं. जाताना त्यांनी दोन्ही मुलांना मिळून एक होडी ठेवली. तिचं नाव आजीचं, ‘लेटिशिया’. अर्धी बाबांची, अर्धी काकाची.

घरांचंही तसंच. एका अंगणात दोन घरं. रविवारी चर्च सुटलं की काका आणि हेन्रिएट काकू आमच्याकडे जेवायला. आई कोळंबी आणि मक्याचा मऊ भरडा करायची, काकू भेंडीचं सूप झाकून आणायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यामुळे काकाच्या शेजारची खुर्ची माझी, आणि त्याच्या ताटातली मोठी कोळंबीही माझी.

“फीबीला बिघडवतोस तू,” बाबा म्हणायचे.

“तू घडवलीस, आता मला बिघडवू दे की,” काका म्हणायचा.

तो उंच नव्हता, देखणाही नव्हता. पण पाणी बघायला लागला की आपण त्याच्याकडे बघत राहावं असा माणूस. ओहोटीला खाजणातला काळा चिखल उघडा पडतो आणि शहरभर वास सुटतो. परगावचे लोक नाकाला रुमाल लावतात. काका तेवढ्यासाठी खिडकी उघडायचा. सोळाव्या वर्षी, इंग्रजांशी दुसरं युद्ध चालू होतं तेव्हा, तो देशाच्या तोफनौकेवर भरती झाला होता. तिथे त्याने देशाच्या इमानाची शपथ घेतली होती. बाबा तेव्हा आजोबांच्या हाताखाली शिकत होते. आमच्या घरात पुढे जे झालं त्याचं मूळ एवढ्यातच होतं असं आई म्हणायची. मला तेवढं सोपं वाटत नाही.

मी सहा वर्षांची असताना वॉशिंग्टनच्या सरकारने जकात वाढवली. परदेशी कापड, लोखंड, दोरखंड, सगळ्यावर. उत्तरेकडच्या गिरण्यांचा माल खपावा म्हणून. आमच्याकडे कसल्या गिरण्या? आम्ही कापूस आणि तांदूळ इंग्लंडला धाडणार, आणि तीच जहाजं येताना तिकडचा माल भरून आणणार. जकात वाढली, माल महागला, येणारी जहाजं कमी झाली. धक्क्यावर दिवसदिवस बसून वाटाडे दाढ्या खाजवायला लागले.

“नांगराची नवी साखळी घ्यायची तर बोस्टनवाल्याचं पोट भरा आधी,” बाबा जेवताना म्हणायचे. “आम्ही काय त्यांची दुभती गाय आहोत?”

“जकात वाईटच आहे, रूफस. मी कुठे चांगली म्हणतोय?”

“मग बोल ना तसं चारचौघांत.”

“बोलतो. पण तुझे मित्र पुढे जे बोलतात ते मला बोलवत नाही.”

पुढे जे बोलत होते ते असं. आमच्या कॅरोलिना राज्याने आपल्या हद्दीत तो कायदा रद्द ठरवायचा, आणि वॉशिंग्टनने जबरदस्ती केली तर देशातून बाहेर पडायचं. असं म्हणणाऱ्यांना आम्ही रद्दवाले म्हणत असू. कायदा बदलायचा तर तिकडे जाऊन भांडा, पण देश मोडू नका, असं म्हणणारे ते एकीवाले. बाबा पहिल्यांत, काका दुसऱ्यांत. तोंडाने सगळे जकातीबद्दल बोलत; पण मोठ्या माणसांच्या खालच्या आवाजातल्या बोलण्यात आणखी एक गोष्ट असायची. आज हे जकात लादतात, उद्या आपल्या गुलामांना हात घालतील. ती भीती जकातीपेक्षा जुनी होती.

मी दहा वर्षांची झाले त्या शरद ऋतूत गाव उभं चिरलं गेलं. रद्दवाल्यांनी टोपीला निळ्या फितीचं फूल लावायला सुरुवात केली, मधोमध ताडाच्या छापाचं पितळी बटण. आईने बाबांसाठी एक शिवलं, मग शेजाऱ्यांसाठी, मग डझनांनी. रस्त्यात एकीवाला दिसला की पोरं ओरडायची, “शेपूटघालू! शेपूटघालू!” निवडणुकीच्या आधी दोन्ही बाजू रस्त्यात समोरासमोर आल्या, विटा उडाल्या. काका कपाळाला पट्टी बांधून घरी आला. अंगणात बाबा उभे होते, टोपीला फूल.

“कुणी मारलं?” बाबांनी विचारलं.

“टोपी बघत होतो, तोंड नाही बघितलं,” काका म्हणाला, आणि आपल्या घरात गेला.

त्या रविवारी सूप आलं नाही. आईने त्यांची ताटं मांडली होती, ती जेवणानंतर तशीच उचलली.

जानेवारीत ते झालं. राज्याने कायदा रद्द ठरवला होता. देशाच्या अध्यक्षांनी त्याला देशद्रोह म्हटलं होतं. त्यांनी जकातघर शहरातून उठवून बंदरातल्या किल्ल्यात नेलं होतं, म्हणजे आलेल्या जहाजाने तिथेच थांबायचं, जकात रोख भरायची, मगच धक्क्याला लागायचं. आणि आता लढाऊ जहाजं येणार अशी बातमी होती. दोन दिवस ईशान्येचा वारा होता. मी दुपारी बाबांचं जेवण घेऊन धक्क्यावर गेले तर दांड्यापलीकडे एक मोठं जहाज उभं. वर देशाचा झेंडा, त्याखाली वाटाड्याला बोलावणारा झेंडा. थोड्या वेळाने तिथून एक तोफ वाजली. ती चढाईची तोफ नव्हती. वाटाड्या लवकर पाठवा, अशी हाक होती.

त्या दिवशी पाळी बाबांची. बाबा दोरखंडांच्या ढिगावर बसले होते. आसपास आणखी चार वाटाडे, सगळ्यांच्या टोप्यांवर निळी फुलं.

“काही दिसतंय का रे तुला तिकडे?” एकाने विचारलं.

“धुकं आहे,” दुसरा म्हणाला. आकाश लख्ख होतं. सगळे हसले.

काका आला तो जवळजवळ पळतच. “रूफस, वारा चढतोय. तासाभरात ते दांड्यावर आपटेल.”

“आपटू दे. आमच्यावर तोफा रोखायला आलंय ते.”

“त्यात माणसं आहेत.”

“वॉशिंग्टनची माणसं.”

“बुडणाऱ्या माणसाला कुठल्या राज्याचा ते विचारायला लागलास? बाबांनी हे शिकवलं होतं तुला?”

बाबा उठले नाहीत. काकाने होडीच्या दोऱ्या सोडायला घेतल्या. मग बाबा म्हणाले, “होडी अर्धी माझी आहे, अ‍ॅन्सेल.”

“तुझी अर्धी ठेव इथे. माझी मी घेऊन जातो.”

कुणी हसलं नाही. काकाने हेक्टरला हाक मारली. हेक्टर आमच्या होडीवर वल्ह्याला होता. चर्च स्ट्रीटवरच्या एका विधवा बाईंच्या मालकीचा गुलाम. त्याची मजुरी दर आठवड्याला त्यांच्या घरी पोचायची. त्याने बाबांकडे पाहिलं, काकाकडे पाहिलं आणि होडीत उतरला. आणखी दोन वल्हेकरी उतरले. मी तिथेच उभी राहिले. होडी लाटांत दिसायची, नाहीशी व्हायची. बाबा ढिगावर बसून राहिले, पण त्यांचे ओठ हलत होते. पुढे कळलं की ते मनातल्या मनात जहाज आणत होते: आता डावीकडे, आता सांभाळून, आता शीड सोड. काकाने जहाज वाळूला न लावता आत आणलं. माणूस एकही गेला नाही.

संध्याकाळी आमच्या अंगणाच्या भिंतीवर कुणीतरी डांबराने ‘विकाऊ’ असं लिहून गेलं. काकाचं घर कुठलं ते लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं, कारण ते आमच्या बाजूला लिहिलं होतं. बाबांनी स्वतः घासून काढलं.

मार्चमध्ये सगळं निवळलं. वॉशिंग्टनमध्ये तडजोड झाली, जकात दरवर्षी थोडी थोडी उतरवायचं ठरलं, राज्याने आपला ठराव मागे घेतला. दोन्ही बाजूंनी आपणच जिंकलो म्हणून मेजवान्या केल्या. मला वाटलं, आता रविवारी सूप येणार. पण राज्यातले रद्दवाले एवढ्यावर थांबले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी शपथेचा कायदा आणला: अधिकाराच्या जागेवर बसणाऱ्याने राज्याशी निष्ठेची शपथ घ्यायची. आमच्या वाटाड्यांचे परवाने देणाऱ्या मंडळींनीही तेच धरलं.

काका त्यांच्यासमोर गेला. ते सगळं हेन्रिएट काकूने आईला सांगितलं, आमच्या स्वयंपाकघरात, उभ्याउभ्याच.

“हे म्हणाले, माझी एक शपथ घेऊन झाली आहे, तोफनौकेवर. तिच्यात कॅरोलिनाही आली. तर ते म्हणाले, ती पुरे नाही. मग त्यांनी भाऊजींना विचारलं. भाऊजी तिथेच होते. म्हणे, बर्डेल, तुझ्या भावाबद्दल तुझं काय मत?”

“मग?” आईने विचारलं.

“भाऊजी म्हणाले, ज्याला दोन धनी हवेत त्याने दुसरं बंदर बघावं.”

आईने तोंडावर हात ठेवला. बाबा घरी आल्यावर ती त्यांच्याशी आठवडाभर बोलली नाही. बाबांनी फक्त एकदा सांगितलं, “चारचौघांत विचारलं त्यांनी. काय बोलणार होतो मी?” काकाचा परवाना गेला. तो रागावून गेला असता तर बरं झालं असतं. तो नुसता शांत झाला. त्या वसंतात काका-काकू मोबीलला जायला निघाले, अलाबामात, खालच्या आखातावर. तिकडे एकीवाल्या कुटुंबांची रीघ लागली होती, कापूस वाढत होता, वाटाड्यांना काम होतं.

ते निघाले त्या सकाळी बाबा धक्क्यावर आले नाहीत. “माझी पाळी नाही,” म्हणाले. आई आणि मी गेलो. काकाने मला जवळ घेतलं. जहाज दुसऱ्याच कुणीतरी बाहेर काढलं. आम्ही घरी आलो तर बाबा वरच्या व्हरांड्यात उभे, जिथून दांड्यावर फुटणाऱ्या लाटा दिसतात. शिडं दिसेनाशी झाल्यावरही कितीतरी वेळ तिथेच. आईने जेवायला बोलावलं नाही.

त्याआधी, जहाज सुटल्यावर, मी धक्क्यावर रडत होते. हेक्टर दोरी गुंडाळत होता. म्हणाला, “नका रडू, छोट्या बाईसाहेब.”

“काकाला का जावं लागलं?”

“राहवलं नाही म्हणून गेले. राहवत नसलं की जाता येतं, हेही काही थोडं नाही.”

मला ते तेव्हा कळलं नाही. त्याच्या बायकोला कुणीतरी विकत घेऊन जॉर्जियात नेलं होतं, हे मला पुढे आईकडून समजलं. उत्तर-दक्षिणेतल्या मोठ्या युद्धानंतर, सगळे गुलाम मोकळे झाल्यावर, म्हातारा हेक्टर पहिल्यांदा कुठे गेला असेल तर तिला शोधायला. वर्षभराने एकटाच परत आला.

त्याच वर्षी न्यायालयाने शपथ घटनाबाह्य ठरवली. मग विधानसभेने गोडगोड शब्दांत नवी शपथ केली, अशी की दोन्ही बाजूंना घेता येईल. काका सहा-सात महिने थांबला असता तर जायची गरजच नव्हती. बाबांना हे कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “आता येईल.” पण काका आला नाही, आणि बाबांनी ये म्हटलं नाही.

दोघांनी एक मात्र सुरू केलं, एकमेकांना न सांगता. आखाताकडून एखादं जहाज आलं की बाबा पाळी नसली तरी जायचे. वर चढून कप्तानाला विचारायचे, “मोबीलहून?” हो म्हटलं की, “आत कुणी नेलं होतं तुम्हाला तिथे?” बऱ्याचदा कप्तानाला नाव माहीत नसायचं. कधी तो म्हणायचा, “बर्डेल म्हणून आहे एक. तुमचा कोणी?”

“आहे,” बाबा म्हणायचे. “कसा आहे?”

“बरा आहे. पण विचारून विचारून भंडावतो बुवा. चार्ल्सटनला जाणार म्हटलं की सोडत नाही. सेंट मायकेल चर्चचा मनोरा पांढरा ठेवलाय का, दक्षिणेच्या वाटेत किती वाव खोल पाणी आहे, उन्हाळ्यात वादळ झालं त्यात दांडा सरकला का. आणि तिथल्या भरतीला शिव्या देतो.”

“भरतीला?”

“मोबीलला दिवसातून एकदाच भरती येते ना. तीही गुडघाभर नाही. म्हणतो, हे काय पाणी आहे? आमच्याकडे दोनदा येतं, पुरुषभर चढतं, घरात शिरतं की काय वाटतं. इथे समुद्राला श्वासच नाही म्हणतो.”

बाबा घरी आले, हे सगळं आईला सांगताना हसले. “भरतीला शिव्या देतो!” मग एकदम उठून बाहेर गेले.

मला काकाचं तिकडचं घर पाहायला कधी मिळालं नाही, पण ऐकून ऐकून डोळ्यांसमोर आहे. खाडीच्या तोंडाशी वाळूची चिंचोळी पट्टी, तिच्यावर वाटाड्यांची दहा-बारा लाकडी घरं. मोठी जहाजं तिथेच खाली थांबतात, कापूस लहान बोटींनी त्यांच्यापर्यंत आणतात. चिखल नाही, खाजण नाही, सगळी पांढरी वाळू. काकू म्हणे दर संध्याकाळी दारातली वाळू झाडायची आणि सकाळी ती परत यायची. तिथल्या मालेट माशांची चव तिला लागली होती. काका मात्र सगळ्यांना सांगायचा, थोडे पैसे साठले की जाणार, रूफसने एव्हाना विकली असेल ती ‘लेटिशिया’तली आपली अर्धी परत विकत घेणार.

एका कप्तानाला ‘लेटिशिया’तून धक्क्याला आणताना त्याने हे सांगितलं तेव्हा मीही होडीत होते, पंधरा वर्षांची. बाबा म्हणाले, “विकत? ती अर्धी मी विकलीच कधी? त्याच्याच नावावर आहे ती.”

“सांगू का त्याला तसं?” कप्तानाने विचारलं. “पुढच्या महिन्यात जाणार आहे मी तिकडे.”

बाबांनी सुकाणू उगाच थोडं वळवलं. “सांगा...” म्हणाले. मग, “नको. राहू द्या.”

त्याच वर्षी बँका बुडाल्या. त्यात काकाच्या दैवाने त्याची थट्टाच केली. ज्या अध्यक्षांच्या बाजूने बोलला म्हणून त्याने कपाळ फोडून घेतलं, त्यांनी देशाची मोठी बँक मोडीत काढली होती. मोठी बँक म्हणजे श्रीमंतांचा अड्डा, असं ते म्हणत, आणि काकालाही तेव्हा ते पटलं होतं. तिचा धाक गेल्यावर राज्याराज्यांत लहान बँका उगवल्या, प्रत्येकीच्या आपल्या नोटा. मग त्या वसंतात सगळ्यांनी नोटांच्या बदल्यात नाणी द्यायचं थांबवलं. काकाने ज्या बँकेत पैसे ठेवले होते तिचं दार पुन्हा उघडलंच नाही. परत यायचे पैसे त्या दाराआड गेले.

ही बातमी आली तेव्हा आमच्या धक्क्यावरचा एक जुना रद्दवाला म्हणाला, “घ्या, एकीवाल्यांना त्यांच्याच म्हाताऱ्या अध्यक्षाने प्रसाद दिला.” बाबांनी त्याला पाण्यात ढकललं. खरंच ढकललं. हेक्टरने आकडीचा बांबू टाकून त्याला वर काढलं. बाबांनी माफी मागितली नाही.

मग दोन वर्षांनी, मोबीलला पिवळा ताप आला होता तेव्हा, हेन्रिएट काकू गेली. ही बातमी आणणारा कप्तान उत्तरेकडच्या मेन राज्याचा होता, लाजाळू माणूस. आमच्या दारापर्यंत चालत आला, टोपी हातात. आईने त्याला बसवलं, कॉफी दिली. बाबा खिडकीशी उभे. आई त्यांच्याकडे वळून म्हणाली, “आता तरी निरोप धाडणार आहात का? की मी धाडू?”

“काय सांगू?” बाबा म्हणाले. एवढा मोठा माणूस, पण आवाज लहान मुलासारखा. “काय तोंडाने सांगू?”

आई कप्तानाला म्हणाली, “त्याला सांगा, वहिनीने जेवायला बोलावलंय. रविवारी. कुठल्याही रविवारी.”

काका यायला आणखी चार वर्षं लागली. कर्ज, काम, मग आजारपण. मी तोवर एकवीस वर्षांची झाले होते, माझं लग्न ठरलं होतं. मोबीलहून येणाऱ्या जहाजावर बाबा नेहमीप्रमाणे गेले. शिडी चढून वर पाय टाकला तर कठड्याशी पांढऱ्या दाढीचा माणूस उभा. पुढचं बाबांनीच आईला सांगितलं, मी शेजारच्या खोलीत होते.

“मी त्याला ओळखलं. त्यानेही मला. मग तोच म्हणाला, दक्षिणेच्या वाटेने नेणार ना? मी म्हटलं, ती बुजली रे. तीन वर्षं झाली. आता वरच्या अंगाने न्यावं लागतं. मी जहाज आत आणलं, तो सगळा वेळ पाण्याकडे बघत होता. एकही वळण त्याला आधी कळलं नाही, मार्गारेट. एकही नाही.”

दांडा जागचा हलतो. वाटाड्याला दर महिन्याला दोरीला बांधलेला शिशाचा गोळा सोडून, खोली मोजत, तळ पुन्हा शिकावा लागतो. नऊ वर्षं काका जी वाट मनात घोकत बसला होता ती समुद्राने केव्हाच पुसली होती.

रविवारी आईने कोळंबी केली. काका त्याच्या जुन्या खुर्चीवर बसला, मी त्याच्या शेजारी, आणि त्याने मोठी कोळंबी माझ्या ताटात ठेवली. मी रडले असते, पण तेवढ्यात बाबा घसा खाकरून म्हणाले, “वॉशिंग्टनने जकात परत वाढवली, ऐकलं असशील.”

आईचा चमचा थांबला. काका सावकाश म्हणाला, “ऐकलं. मग यंदा काय रद्द करताय?”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि दोघंही हसायला लागले. हसता हसता काकाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना.

“या टेबलावर जकात नको,” आई म्हणाली. “गार होतंय सगळं.”

काका सहा-सात आठवडे राहिला. पहिले काही दिवस तो ओहोटीची वेळ साधून खाजणाच्या कडेला जाऊन बसायचा. जुन्या ओळखीचे काही थांबून बोलायचे, काही रस्ता ओलांडायचे. बाबा त्याला होडीवर नेऊ लागले. एकदा मीही गेले. बाबा म्हणाले, “ही अर्धी तुझी आहे. कधीच विकली नाही मी.”

“मला ठाऊक नव्हतं.”

“मी सांगितलंच नाही तुला.”

“का?”

बाबांनी वल्हं पाण्यातून वर घेतलं. मग म्हणाले, “राहा. नवा परवाना मी मिळवून देतो. वर्षभरात तळ शिकशील परत.”

काका पाण्यात हात घालून बसला होता. “बघू,” म्हणाला.

पण मला दिसत होतं. तो अंगणात बसून मला मोबीलच्या गोष्टी सांगायला लागला होता. तिथे हिवाळ्यात पाणी कसं काचेसारखं होतं. मालेटचे थवे किनाऱ्याला कसे येतात. शेजारी एक फ्रेंच म्हातारा आहे, तो काकूच्या कबरीभोवती शिंपले लावतो, पण वारा जोराचा झाला की सगळं वाळूखाली जातं, मग कुणीतरी ते मोकळं करावं लागतं.

“म्हातारा करेल की,” मी म्हटलं.

“करतो. पण त्याला दिसत नाही नीट.” मग तो म्हणाला, “फीबी, गंमत बघ. तिथे नऊ वर्षं मी रोज इथे होतो. आता इथे आलोय तर डोळा मिटला की ती पांढरी वाळू. तिने झाडू धरलेला दिसतो.”

माझं लग्न होईपर्यंत थांबला. दुसऱ्या आठवड्यात मोबीलला जाणारं जहाज मिळालं. बाबांनी एवढंच विचारलं, “परत येशील?”

“येईन ना,” काका म्हणाला. दोघांनाही ते पटलं नव्हतं.

या वेळी पाळी बाबांची नव्हती, पण त्यांनी ती मागून घेतली. जहाज त्यांनी स्वतः बाहेर काढलं. मी आणि आई ‘लेटिशिया’त होतो, बाबांना परत आणायला. दांडा ओलांडल्यावर होडी जहाजाच्या कुशीला लागली, शिडी सुटली. बाबा उतरायचे थांबले. वरून कप्तान ओरडत होता, “वाटाडे, उतरा! माझं शीड फडफडतंय!” खालून मला दोघं कठड्याशी दिसत होते. बाबा काहीतरी बोलू लागले. एकदा हात छातीवर ठेवला. काकाने त्यांच्या कोटाची कॉलर नीट केली, आजोबा करायचे तशी, आणि त्यांना शिडीकडे वळवलं. बाबा उतरले. जहाज वाऱ्यावर वळलं. काका पाठीमागच्या कठड्याशी येऊन उभा राहिला, हात न हलवता.

नंतर तो दहा वर्षं जगला. तिथेच, काकूच्या शेजारी आहे. बाबा त्याच्यानंतर तीन वर्षांनी गेले, इथे, सेंट मायकेलच्या आवारात. दोघांपैकी कुणी ते मोठं युद्ध पाहिलं नाही, हे बरंच झालं.

त्या दिवशी परत येताना आईने बाबांना विचारलं होतं, “बोललात का त्याच्याशी? त्या परवान्याच्या मंडळींसमोरच्या दिवसाबद्दल?”

“सुरुवात केली होती,” बाबा म्हणाले.

“मग?”

“म्हणाला, वारा बदलतोय, रूफस. उतर आता.”